सुसाच्या डोंगराचा नवस

माघ सरत आला की आमच्या माणदेशातल्या वाऱ्याला कडब्याचा वास येतो. आता मळणीचं यंत्र एका दुपारीत सगळं उरकतं आणि वाटेवर शाळूचा भुसा उडवत निघून जातं. मी ओसरीवर डोळे चोळत बसते. भुसा गेला डोळ्यांत, असं नातसुनेला सांगते. खरं म्हणजे या वासासरशी मला एकच सुगी आठवते, महायुद्ध संपल्यानंतरची पहिली. आणि ती आठवली की या वयातही माझा गोंधळ उडतो.

त्या सुगीत आमच्या खळ्यावर एक परकं गाव येऊन बसलं होतं. आल्प्सच्या बर्फाच्या डोंगरांतलं, दोन नद्यांच्या बेचक्यातलं. सुसा त्याचं नाव. ते आणलं होतं माझ्या नवऱ्यानं.

मी सांगलीची. वडील हळदीच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते, त्यामुळे घरात बारमाही हळदीचा वास आणि बोटांवर पिवळेपणा. मराठी सातवी झाले होते. थोरल्या भावाच्या पुस्तकावरून इंग्रजी मुळाक्षरंही गिरवली होती, पण अर्थ कुणी शिकवला नाही. लग्न होऊन म्हसवडपासून तीन कोसांवरच्या या कोरड्या गावात आले, आणि वर्षभरात हे पलटणीबरोबर समुद्रापार गेले. पुढे सरकारी कागद आला की आफ्रिकेच्या वाळवंटात बेपत्ता. मग कळलं, इटलीत कैदेत आहेत. मग तिकडचं राज्य कोसळलं, छावणीतले पहारेकरी पळाले, कैदी पळाले, आणि पुन्हा बेपत्ता. त्या वर्षांत मी रोज कुंकू लावत होते, पण लावताना बोट बिचकायचं. हे आपण खरं लावतोय की खोटं, ते कळायचं नाही.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलला होता. शंकर जिता परत आला तर घरापासून देवळापर्यंत लोटांगण घालत येईल. बोलल्या त्या, घालायचं यांनी. नवसाची रीतच तशी.

आणि हे आले. पौषातल्या एका सकाळी, अंगावर लष्करी ओव्हरकोट, डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं गेलेली. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाय धुतले. ती बोटांची रिकामी जागा धुताना त्यांचा हात थांबला. चार दिवसांनी त्यांनी नवसाचा विषय काढला.

"येत्या आमुशाला निघू. नाथ वाट बघतोय."

हे भाकरी मोडत होते. म्हणाले, "आये, मला न्हाई जमायचं. माझा एक नवस आधीचा हाय. त्यो लागू झाला का न्हाई ते कळल्याबिगर मी दुसरा कसा फेडू?"

"कुणाचा नवस?"

"तिकडचा."

एवढंच बोलून हे उठले. गावात दोन दिवसांत झालं की शंकर बाटून आला. पाणवठ्यावर बायका माझ्या घागरीपासून आपली घागर हातभर लांब ठेवू लागल्या. आत्याबाईंनी मला जवळ बोलावून सांगितलं, "तू शिकल्याली हाईस. काय हाय त्याच्या पोटात, काढून घे."

मी काय काढणार. पाच वर्षांनी आलेला नवरा म्हणजे जवळजवळ नवखा माणूस. त्यांच्या बोलण्यात मधेच परका शब्द यायचा. पाण्याला ते "आक्वा" म्हणून जायचे आणि मग ओशाळायचे. झोपेतून दचकून उठायचे आणि पहिल्यांदा दाराकडे न बघता आढ्याकडे बघायचे.

शाळू हुरड्यात आला होता. पाखरं हाकायला आम्ही दोघं दिवसभर वावरातल्या माचापाशी असायचो. हे वर चढून गोफण फिरवायचे, मी खाली हुरडा भाजायचे. तिथं हे बोलू लागले. पण माझी अपेक्षा होती लढाईची, कैदेची, उपासमारीची. हे सांगायचे ती दोन हजार वर्षांपूर्वीची हकिकत.

"त्या गावात एक खडक हाय. त्यात वाट्या कोरल्यात, आन् एका वाटीतनं दुसरीत जायाला नाली. रोमची मानसं यायच्या आधीची. तिथं बळी द्यायचे म्हनं. आपल्या म्हसोबागत."

"तुमी बघितला?"

"न्हाई."

"मग?"

"मास्तरनं सांगितलं."

हळूहळू तो मास्तर माझ्यापुढे उभा राहिला. सुसाच्या शाळेत जन्म घालवलेला, बायको गेलेली, मुलगा रशियाच्या बर्फात गेलेला, असा सत्तरीचा माणूस. छावणीतून पळालेले हे, उत्तरेकडे चालत चालत, उपाशी, त्याच्या गवताच्या माडीवर सापडले. त्यानं हाकललं नाही. पुढे सबंध वर्षभर यांना त्या माडीवर ठेवलं. खाली रस्त्यावर जर्मन शिपाई, वर गवतात माणदेशातला एक काळा माणूस. बाहेर पडणं शक्यच नव्हतं. यांना छावणीत शिकलेली मोडकीतोडकी भाषा येत होती. मग म्हातारा रोज दुपारी पाटी घेऊन वर यायचा आणि आपलं गाव काढून दाखवायचा. वेस, देऊळ, नदी. ज्या गावात वर्षभर राहिले ते गाव यांनी पाटीवर पाहिलं होतं, आणि कौलांच्या फटीतून जेवढा डोंगर दिसायचा तेवढा. बाकी काही नाही.

मला कळेना, म्हातारा हे सगळं का सांगत होता. जीव मुठीत धरून लपलेल्या माणसाला गावचा इतिहास कशाला? यांना विचारलं तर म्हणाले, "त्येलाबी बोलायला कोन हुतं?"

मळणी सुरू झाली. खळ्यावर मधल्या खांबाभोवती बैलांची पात गोल गोल फिरायची, कणसांचा खच पायाखाली कुरकुरायचा, आणि दुपारी बैल सोडले की हे काडी घेऊन खळ्याच्या कडेला मातीत ते गाव काढायचे. माझे धाकटे दीर आनंदभावजी बसून बघायचे. भावजी बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते, वर्षभर ओढ्यावगळीत राहिलेले. एक भाऊ इंग्रजांच्या फौजेत, दुसरा इंग्रजांच्या विरोधात. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं, पण जेवताना दोघांच्या ताटांमधल्या अंतरातून ते जाणवायचं.

यांनी मातीत कमान काढली. सांगितलं की रोमची फौज आली तेव्हा या खोऱ्यात एक डोंगरी राजा होता. त्यानं लढाई केली नाही, तह केला. राजा होता तो रोमचा अंमलदार झाला, आणि बादशहाच्या मानासाठी ही पांढऱ्या दगडाची कमान बांधली. तीवर तह कोरलाय, बळी द्यायला नेलेला डुक्कर, मेंढा, बैल कोरलाय, आणि राजाच्या हाताखालच्या चौदा जमातींची नावं.

भावजी म्हणाले, "म्हंजे फितूरच की."

"आसंल." हे काडी तशीच धरून बसले. "पलीकडच्या खोऱ्यातले लढले. त्यास्नी हरवून बाजारात उभं केलं आन् बायकापोरांसकट इकलं. त्यांचं आज नाव फकस्त राह्यलंय. ह्यो वाकला, गाव तगलं. आता शाना कोन म्हनायचा?"

"तुमचा मास्तर काय म्हनत हुता?"

"त्यो म्हनायचा, चाळीस वरीस पोरास्नी शिकवतोय, मला ठरवता आलं न्हाई. शाळंत असताना वाटायचं राजा शाना. मुलगा लढाईत गेल्यावर वाटाया लागलं, कुनीच न्हाई."

 भावजींनी यांच्या हातातली काडी घेतली आणि विचारलं, "नदी कुठनं येती म्हनला?" त्या दोघा भावांना एका जागी इतका वेळ बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. कुणाचं कुणाला पटलं होतं, की दोघांनाही काही पटेनासं झालं होतं, सांगता येत नाही.

मग गोष्टी पुढे सरकल्या. कमानीमागून बादशाही वेस आली, दोन बाजूंना दोन गोल बुरूज. वेशीला पाठ लावून बांधलेलं मोठं देऊळ आलं. एक जर्मन बादशहा आला, जो या गावातून नोकराचे कपडे घालून जीव वाचवत पळाला, आणि काही वर्षांनी फौज घेऊन परतला तेव्हा त्यानं सगळं गाव जाळलं. ही गोष्ट सांगताना हे मधेच थांबले. म्हणाले, "ही सांगितली त्या दिवशी म्हातारा आपल्या मुलाचा कोट घिऊन आला. म्हनला, तुला जायाची येळ आली तर ह्यो घाल. पर आग लावाया परत येऊ नगंस." आणि हे हसले. आल्यापासून पहिल्यांदा.

नवसाचं मात्र अजून निघालं नव्हतं. ते निघालं उफणणीच्या दिवशी. वारा पडला होता, त्यामुळे उफणणी थांबली, आणि आत्याबाई स्वतःच खळ्यावर येऊन बसल्या. त्यांनी सरळ विचारलं.

"शंकर, त्या देवाचं नाव काय, ज्येला तू बोलला?"

यांनी बराच वेळ धान्यातले खडे निवडले. मग सांगितलं. गावावर एक डोंगर आहे, उन्हाळ्यातही माथ्यावर बर्फ. पूर्वीच्या लोकांना वाटायचं, जगात याहून उंच काही नाही. सहाशे वर्षांमागे तिकडचा एक सरदार तुर्कांच्या कैदेत पडला. त्यानं नवस बोलला, सुटलो तर देवाच्या आईची मूर्ती या माथ्यावर नेईन. सुटला, आणि पितळेच्या पत्र्यावर कोरलेली मूर्ती घेऊन चढला. ती मूर्ती आता खाली देवळात ठेवलीय, पण दरसाल ऑगस्टच्या सुरुवातीला लोक अजून तो डोंगर चढतात.

"म्हंजे तू सुटकंसाठी बोललास."

"न्हाई आये." यांनी हातातले खडे खाली टाकले. "एके दिवशी सकाळी शिपाई आले. मी वर गवतात. म्हातारा खाली दार उघडाया गेला. त्यास्नी कुनीतरी सांगितलं आसनार. त्यो त्यांच्याबरं मोठमोठ्यानं बोलत बोलत भाईर गेला, म्हंजे त्यास्नी वर बघायची सवड गावू नये. त्येला घिऊन गेले. मी फटीतनं डोंगराकडं बघितलं आन् बोललो, म्हातारा परत आला तर मी हितं वर चढीन. दोन दिसांनी गावातल्या बाया मला कोट घालून डोंगरापल्याड फ्रान्सात पोचवून आल्या. त्यो आला का न्हाई, मला म्हाईत न्हाई. आला आसंल तर माझ्यावर नवस हाय. न्हाई आला तर न्हाई. आता तू सांग, मी नाथाफुडं जाऊन 'मला वाचवलंस' म्हनून आडवा हुनार. पर मला कुनी वाचवलं, हेच नक्की न्हाई."

 बैल शेपट्या हलवत उभे होते. आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "त्या मूर्तीच्या कडंवर ल्योक हाय का?"

"हाय."

"मग लेकुरवाळी हाय ती. तिला पुसायला पायजे."

पुसायचं कसं, ते माझ्यावर आलं. चैत्रात मी माहेरी सांगलीला गेले तेव्हा आमच्या गल्लीतल्या निवृत्त इंग्रजी मास्तरांना गाठलं. त्यांनी मोठ्या देवळातल्या पाद्र्याच्या नावे पत्र लिहून दिलं. गावाचं नाव कसं लिहायचं ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. पण यांनी मला निघताना मातीत काढून दाखवलं होतं, चार अक्षरं, पहिलं आणि तिसरं सापासारखं वळलेलं. तेच मी पाकिटावर माझ्या हातानं काढलं. पोस्टात टाकताना मला माझंच हसू आलं. सांगलीच्या पेटीतून पत्र त्या कमानीखाली कसं पोचणार?

ते पोचलं. आषाढात उत्तर आलं. पाकीट पाण्यानं फुगलेलं, आत एकच कागद, निळ्या शाईचा. आणि तो इंग्रजीत नव्हता. पाद्र्यानं आपल्या भाषेत लिहिलं होतं. यांना ती भाषा बोललेली कळत होती, पण वाचता येत नव्हती. छावणीत आणि माडीवर कानानं शिकलेले. मला अक्षरं वाचता येत होती, भाषेचा एक शब्द ठाऊक नव्हता.

"वाच," हे म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तू वाच. मी ऐकतो."

ओसरीवर आत्याबाई, भावजी, हे. मी कागद धरला आणि अक्षराला अक्षर जोडत मोठ्यानं म्हणू लागले. आयुष्यात असं काही मी पुन्हा केलं नाही. तोंड माझं, बोलणं कुणा तिसऱ्याचं, आणि त्याचा अर्थ समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर. मी "चे" म्हटलं की हे "के" म्हणायचे आणि मान हलवायचे, पुढं. मी एका माणसाच्या जगण्याची किंवा मरण्याची बातमी देत होते आणि कोणती देतेय ते मला कळत नव्हतं. म्हणून मी फार हळू वाचत होते. चांगल्या अक्षरांवर रेंगाळावं, वाईट अक्षरं लवकर उरकावीत असं वाटत होतं, पण कोणती चांगली?

"तोर्नाटो," मी वाचलं.

यांनी हात वर केला. "परत."

"तोर्नाटो."

"तोर्नातो. परत आला." हे जमिनीकडे बघत म्हणाले. "म्हातारा परत आला."

आत्याबाईंनी हात जोडले. मी पुढे वाचत गेले आणि दोन ओळींनंतर एक शब्द आला, "मोर्तो". तो मात्र मला कुणी न सांगता कळला. आपल्या 'मृत' शब्दाच्या इतका जवळचा आहे तो. मी थांबले. यांनी मान हलवली, वाच. मी वाचलं. शेवटच्या परिच्छेदात "इन्दियानो" असा शब्द दोनदा आला आणि दुसऱ्या वेळी यांनी डोळ्यांवर पालथा हात धरला.

नंतर यांनी सांगितलं ते असं. म्हातारा लढाई संपल्यावर कैदेतून परतला, हाडांचा सापळा होऊन. एक हिवाळा काढला. आपल्या घरी, आपल्या खाटेवर गेला. आणि जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता की तो हिंदी माणूस डोंगर पार झाला का. त्याला कुणी सांगू शकलं नाही.

पत्रात तो गेल्याची तारीख होती. मी बोटांवर मोजलं. आमच्या खळ्यावर हे मातीत वेस काढत होते, भावजी नदी कुठून येते ते विचारत होते, त्याच आठवड्यातली ती होती. एकमेकांची खुशाली न कळता दोघं त्या एकाच गावात बसले होते, एक इथं, एक तिथं. हे मी यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही, अजून ठरत नाही.

नवस लागू झाला होता. पण फेडायचा कसा? हे पुन्हा समुद्रापार जाणार नव्हते, ते सगळ्यांना दिसत होतं. मला वाटलं आत्याबाई आता नाथाचं नाव काढतील. त्या म्हणाल्या, "आधी तिचं फेड. नाथ घरचा हाय, त्यो थांबतो. आपल्यात डोंगर न्हाईत व्हय? सगळ्यात उंच आसंल त्यावर चढ. डोंगर डोंगराला सांगंल."

(नाथाचं पुढे मार्गशीर्षात, रथाच्या यात्रेला झालं. तीन कोस लोटांगण, आणि पाण्याचा तांब्या घेऊन भावजी बरोबर.)

सातारा जिल्ह्यात उंच म्हणजे महाबळेश्वर. आम्ही दोघं श्रावणाच्या सुरुवातीला निघालो. वाईपर्यंत मोटारीनं, तिथून पायी. यांचा पाय घाट चढताना दुखत होता, पण यांनी माझा हात धरला नाही. वर पोचलो तेव्हा महाबळेश्वर म्हणजे गवतानं शाकारलेल्या बंद घरांचं भिजलेलं गाव. चिटपाखरू नाही. डोक्यावर इरलं घेतलेला एक टपालवाला भेटला. यांनी त्याला विचारलं, "दादा, हितली सगळ्यात उंच जागा कुठली?"

त्यानं आम्हांला खालवर पाहिलं. "समदंच उंच हाय की हितं. जायाचं कुठं हाय?"

त्याला काय सांगणार. चढ दिसेल तिकडे आम्ही चालत राहिलो, आणि चढ संपला तिथं थांबलो. चहूकडे पांढरं धुकं. दोन हातांवरचं झाड दिसेना. हे ओव्हरकोट काढून उभे राहिले, मग माझ्याकडे वळले.

"तोंड कुनीकडं करायचं?"

शाळेतल्या नकाशात युरोप पश्चिमेला, थोडा वर, एवढं मला आठवत होतं. पण सूर्य नसलेल्या ठिकाणी पश्चिम कुठली? मी विचार केला, पाऊस समुद्राकडून येतो. म्हटलं, "वारा येतोय ना, तिकडं."

हे वाऱ्याकडे तोंड करून चिखलात आडवे झाले. कपाळ टेकवलं, काहीतरी पुटपुटले, त्या भाषेत की आपल्या, ऐकू आलं नाही. तेवढ्यात वारा फिरला. डाव्या अंगानं सपकारे यायला लागले. हे उठले, तोंड पुसलं, मुकाट्यानं डावीकडे वळले आणि पुन्हा आडवे झाले.

मग वारा पाठीमागून आला. हे गुडघ्यांवर बसले आणि माझ्याकडे बघू लागले. मी पदर खोचला, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि या वेळी आम्ही दोघंही वाऱ्याकडे वळलो.